फोंतनेच्या मठात कागदही होत होता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्समधल्या फोंतने मठावर आलेला प्रवासलेख आवडला. दोनदा वाचला. लेखात सगळं होतं: बाराव्या शतकातलं चर्च, दगडी कमानी, हिरवळ, शांतता. पण मधल्या काळात एका कारखान्यानं हा मठ विद्रूप केला होता आणि पुढे एका धनिकानं त्याला मूळ रूप दिलं, असं एक वाक्य ओघात येऊन गेलं आणि मला ते टोचलं. तो कारखाना कसला होता, हे लेखात नाही. तो कागदाचा कारखाना होता. मी रायगड जिल्ह्यातल्या एका कागद कारखान्यात 31 वर्षं काढली. त्यातली 19 वर्षं मशीनमन म्हणून, शेवटची काही शिफ्ट इनचार्ज म्हणून. तेव्हा माझं टोचणं समजून घ्यावं आणि हे पत्र लांबलं तर माफ करावं.

फोंतनेला मी दोन वर्षांपूर्वी जाऊन आलो. मुलगी आणि जावई दिजाँला असतात. आमचा मुक्काम तीन महिन्यांचा. ऑक्टोबरअखेर थंडी सुरू झाली, आणि सौ.नं घराबाहेर पडायचंच नाही असं ठरवून टाकलं. शेवटी जावईबापूंनी एका शनिवारी दोघांना उचलून रेल्वेत बसवलं. दिजाँ ते मोंबार रेल्वेनं आणि पुढचे पाचसहा किलोमीटर टॅक्सीनं. मोंबार पाहण्यासारखं गाव आहे असं कोणी म्हणणार नाही, पण मला ते घरच्यासारखं वाटलं. स्टेशनाजवळच लांबच लांब शेड दिसल्या. इथे आजही पोलादी नळ्या तयार होतात. निसर्गाचा अभ्यासक बुफाँ याच गावचा, जन्म 1707 चा. त्यानंही इथून जवळ लोखंडाची भट्टी चालवली होती. म्हणजे हा सगळा मुलूख पहिल्यापासून लोखंडाचा आणि पाण्याचा. ही गोष्ट लक्षात ठेवली तरच मठ कळतो, असं माझं मत आहे.

रस्ता जंगलातून दरीत उतरतो आणि एकदम फाटक समोर येतं. फाटकाच्या इमारतीत जिन्याखाली भिंतीतच एक कोनाडा ठेवलाय, राखणीच्या कुत्र्यासाठी. सौ.ला अख्ख्या मठात सगळ्यात जास्त आवडलं ते हे. आल्यागेल्याला अजून सांगते.

संत बर्नारनं 1118 मध्ये हा मठ वसवला. त्याच्या सिस्टर्शियन नावाच्या ख्रिस्ती साधूपंथाची माणसं वस्तीपासून लांब जागा शोधायची, आणि इथे त्यांना मिळाली ती पाणथळ दरी. फोंतने हे नावच झऱ्यांवरून पडलंय. दलदल आटवून, पाणी चर काढून वळवून त्यांनी इमारती उभ्या केल्या. चर्चला पैसा दिला इंग्लंडातल्या नॉर्विचच्या बिशपनं. तो तिकडून निघून इथे येऊन राहिला होता. 1147 मध्ये पोप तिसरा युजीन स्वतः आला आणि त्याच्या हस्ते चर्चचा अभिषेक झाला. तो पोपही याच पंथातला, बर्नारचा शिष्य.

चर्चबद्दल तुमच्या लेखकानं लिहिलंय ते खरं आहे, एक अक्षरही जास्त नाही. 66 मीटर लांब. मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत, नक्षी जवळजवळ नाही. पायाखाली फरशी नाही, साधी मातीची जमीन. मधल्या दालनाच्या वरच्या भिंतीत खिडक्याच नाहीत. उजेड येतो तो पुढून आणि मागून, आणि थोडा बाजूच्या दालनांतून. म्हणून आत शिरल्यावर आधी काही दिसत नाही, आणि मग हळूहळू सगळं दिसायला लागतं. कोणीतरी खोकलं, तर तो आवाज छतापर्यंत जाऊन सावकाश खाली उतरला. आम्ही दोघं अर्धा तास तिथे बसलो होतो. मी देवधर्म फारसा न करणारा माणूस, पण तिथून उठावंसं वाटत नव्हतं, हे कबूल करतो.

वरच्या मजल्यावर साधूंचं झोपायचं दालन. वेगवेगळ्या खोल्या नाहीत, सगळे एकाच लांब दालनात गवताच्या गाद्यांवर, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्यावरचं लाकडी छप्पर पंधराव्या शतकातलं, उलट्या ठेवलेल्या गलबतासारखं. खाली चौकाच्या बाजूला शेकोटीची खोली. भटारखाना सोडला तर मठात ऊब मिळायची ती एवढीच. पोथ्या लिहिणारे साधू तिच्या जवळच बसत, कारण थंडीनं बोटं आखडतात आणि शाई गोठते. लिहायचे ते अर्थात चामड्यावर. कागद त्या दरीत यायला अजून सहाशे वर्षं होती.

आता मठातल्या लोखंडाच्या भट्टीकडे येतो. तुमच्या लेखात तिला एक ओळ मिळाली आहे, मला तिथे दीड तास लागला. जावईबापू दोनदा बोलवायला आले.

ही इमारत चर्चपासून लांब, ओढ्याच्या कडेला आहे. सुमारे 53 मीटर लांबीची. आत कमानींची दालनं, भट्टीची जागा, धुराडं. वरच्या टेकडीतून लोखंडाचा दगड निघायचा, तो इथे वितळवून ठोकत. ठोकायला माणूस नव्हता, पाणी होतं. ओढ्याचं पाणी इमारतीच्या अंगाला लागून खेळवलंय, त्यावर लाकडी चाक. काही वर्षांपूर्वी हे चाक आणि त्यावर चालणारा मोठा हातोडा पुन्हा बनवून बसवलाय. चाक फिरलं की त्याचा जाड लाकडी कणा फिरतो. कण्याला ठरावीक अंतरावर खुंट्या बसवल्या आहेत. खुंटी हातोड्याच्या दांड्याचं शेपूट दाबते, की हातोडा वर उचलला जातो. खुंटी निसटली की हातोडा आपल्या वजनानं धाडकन खाली येतो. पुढची खुंटी, पुन्हा धाडकन. एवढंच यंत्र आहे. लोखंड ठोकायला हे पुरतं.

मला तिथे हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. युरोपात जुने कागद कारखाने चालायचे ते ह्याच यंत्रावर. चाक तेच, कणा तोच, खुंट्या त्याच, फक्त हातोड्याखाली लोखंडाच्या जागी भिजवलेल्या चिंध्या. जुने सुती आणि लिननचे कपडे सडवायचे, कुटायचे, त्याचा लगदा करायचा. पुढे फिरत्या पात्यांचे बीटर आले, मग हे हातोडे गेले. आपल्याकडे जुन्नरला, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागदी लोक हेच काम ढेंकीनं करायचे. पाण्याऐवजी माणसाचा पाय. एका टोकाला पायानं दाब द्यायचा, दुसऱ्या टोकाचा मुसळ वर उचलला जातो, पाय काढला की लगद्यावर आदळतो. मोडीतली कितीतरी जुनी दप्तरं अशा कागदावर आहेत. मी कामाला लागलो तेव्हा आमचे एक जुने फोरमन म्हणायचे, कागद म्हणजे पाणीच आहे, त्यात थोडा धागा मिसळलेला. वायरवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या जाळीवर, येणारा लगदा बघितला की ते पटतं: शंभरात नव्याण्णव भाग पाणी असतं. म्हणून कागद कारखाना नेहमी पाण्याच्या काठी.

आणि म्हणूनच तो फोंतनेला आला. विद्रूप करायला आला नव्हता.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठ सरकारजमा झाले. फोंतनेत तेव्हा मोजकेच साधू उरले होते. 1791 मध्ये मठ विकला गेला आणि घेणाऱ्यानं तिथे कागद कारखाना काढला. आयतं वळवलेलं पाणी, आयत्या भक्कम भिंती. 1820 मध्ये तो मोंगोल्फिए घराण्यातल्या एकानं विकत घेतला. मोंगोल्फिए म्हटलं की आपल्याला बलून आठवतो. 1783 मध्ये दोघा भावांनी अनोने गावात गरम हवेचा बलून उडवला तो कापडाला आतून कागद लावून, कारण घरचा धंदाच कागदाचा होता. त्याच घराण्याचा अनोनेचा कारखाना पुढे लेकीच्या सासरकडे गेला आणि कॅन्सन झाला. आपल्याकडे चित्रकलेचं शिक्षण घेणारी पोरं कॅन्सनचे कागद जपून जपून वापरतात ना, तेच. माझ्या नातीच्या दप्तरातही त्याचं पॅड होतं. त्याच दिवशी संध्याकाळी तिला सांगितलं, तुझ्या कागदाच्या चुलत्यांच्या घरी जाऊन आलो. तिला काही कळलं नाही, पण तिनं मला एक पान फाडून दिलं.

शंभर वर्षांहून जास्त काळ त्या दरीत कागद झाला. झुलते पूल आणि आगगाडीच्या इंजिनातल्या नळ्यांच्या बॉयलरसाठी नाव असलेले इंजिनियर मार्क सेगँ ह्या घराण्याचे जावई. तेही काही काळ तिथे राहिले होते. म्हणजे एकोणिसाव्या शतकात तिथे जे चाललं होतं, ते कुठल्या अडाण्याचं काम नव्हतं.

आता माझा मुख्य मुद्दा. तो कारखाना नसता, तर तुमच्या लेखकाला बघायला मठच उरला नसता.

फोंतने ज्या बर्गंडी प्रांतात आहे, त्याच प्रांतात दक्षिणेला क्लुनीचा मठ आहे. तिथलं चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं. क्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि घेणाऱ्यांनी दगडांची खाण म्हणून वापरलं. सुरुंग लावून पाडलं, दगड विकले. आज त्याचा एक कोपरा उभा आहे, बाकी जमिनीवर आखलेल्या रेघा बघायच्या. सिस्टर्शियनांचा मूळ मठ सितो, जिथून फोंतनेची परंपरा आली, तिथेही जुनं फार थोडं उरलंय. बर्नारचा स्वतःचा मठ क्लेरव्हो, त्याचं तर सरकारनं तुरुंग केलं. चर्च पाडलं आणि इमारतींत कैदी भरले. ह्या सगळ्यांत कागद कारखाना परवडला म्हणायचं. कारखानदाराला छप्पर लागतं. छप्पर गळलं तर माल भिजतो, म्हणून तो कौलं बदलतो. भिंत कलली तर यंत्र कलतं, म्हणून तो टेकू देतो. पाण्याचा चर बुजला तर चाक थांबतं, म्हणून तो गाळ काढतो. हे सगळं बर्नारच्या प्रेमापोटी केलं असेल असं मी म्हणत नाही, पण केलं. इमारत टिकवायची तर तिच्यात कोणीतरी रोज काम करायला यावं लागतं.

1906 मध्ये एदुआर एनार नावाच्या लियाँच्या बँकरनं फोंतने घेतलं. तो मोंगोल्फिएंचाच जावई. म्हणजे कारखाना घरातल्या घरातच राहिला. एनारला कलेचा नाद, जुन्या वस्तूंचा संग्रह करणारा माणूस. त्यानं 1911 पर्यंत, पाच वर्षांत, कारखान्याची सगळी बांधकामं पाडून टाकली आणि मठ आतून मोकळा केला. आजही मठ त्याच्या वंशजांकडे आहे, ते तिथे राहतात. 1981 मध्ये युनेस्कोच्या यादीत आला.

एनारबद्दल माझ्या मनात दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक, जीर्णोद्धार म्हणजे काढून टाकणं, हे त्याला कळलं होतं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटलं की पहिली ट्रक येते ती सिमेंटची, मग ग्रॅनाइट, मग काळ्या पाषाणावर चकचकीत ऑइलपेंट, मग देणगीदारांची नावं. आमच्या गावच्या देवळातला दगडी नंदी आता चॉकलेटी आहे. एनारनं मठात मनोरा बांधला नाही, काच बसवली नाही. नवीन घातलं असेल ते अगदी थोडं आणि पडलेल्याच्या जागी. ह्याबद्दल त्याला नमस्कार.

दुसरी गोष्ट, त्यानं फार साफ केलं. चर्चशेजारच्या हिरवळीवर आम्ही उभे होतो, लोक फोटो काढत होते. तिथली एक बाई माहिती द्यायला उभी होती. जावईबापूंकरवी मी तिला विचारलं, कागद कारखाना नेमका कुठे होता? तिनं हात उचलून आधी डावीकडे, मग भट्टीच्या बाजूला, मग आमच्या पायांकडे दाखवलं, आणि म्हणाली, इथे, तिथे, सगळीकडे. मग जरा थांबून म्हणाली, हे फारसं कोणी विचारत नाही. मी विचारलं, काही ठेवलंय का त्यातलं? एखादा बीटर, एखादा दगडी हौद, मशीनचा रूळ? तिनं खांदे उडवले. असेलही कुठे, पण मी फिरलो तेवढ्यात मला दिसलं नाही. माहितीफलकावर दोन-तीन ओळी होत्या, त्या वाचल्या.

साधूंचं कुत्रं कुठे बसायचं हे दाखवलंय. चिंध्या निवडणाऱ्या बायका कुठे बसायच्या, हे नाही. जुन्या कागद कारखान्यांत ते काम बायकांकडे असायचं: बटणं, शिवणी काढायच्या, पांढरं वेगळं, रंगीत वेगळं, धुळीत दिवसभर. त्यांच्यापैकी एकीचंही नाव कुठे नसेल. साधूंनी सहाशे सत्तर वर्षं काढली, त्यांचा हक्क मोठा, मान्य. पण शंभर वर्षंही थोडी नाहीत.

मला हे एवढं लागलं, त्याचं कारण लपवत नाही. आमचा कारखाना बंद पडला. मालकांनी आधी एक मशीन थांबवलं, मग दुसरं. मग गेटवर नोटीस लागली. देणी मिळायला चार वर्षं गेली. तो विषय वेगळा. यंत्रं भंगारात गेली. ड्रायरचे सिलिंडर गॅसकटरनं कापताना मी गेटबाहेरच्या टपरीवर उभा राहून बघितलं आहे. ओतीव लोखंडाचे, माणसाच्या उंचीचे. त्यांच्यावर हात ठेवून वाफ किती आहे हे सांगता यायचं आम्हाला. आज तिथे फ्लॅट आहेत आणि कमानीवर इंग्रजी नाव आहे. मागच्या नाल्याला लोक नाला म्हणतात. तो आम्हीच वळवलेला पाण्याचा चर आहे. बिल्डरनं सगळं काढलं, पण पाण्याला दुसरी वाट सापडली नाही. दर पावसाळ्यात तिथल्या पार्किंगमध्ये पाणी भरतं आणि मला आतून जरा बरं वाटतं. वाईट बोललो, पण खरं आहे.

फोंतनेलाही पाणीच सगळ्यात जुनं आहे. निघताना पुन्हा भट्टीशेजारच्या चरापाशी उभा राहिलो. साधूंनी वळवलं, त्यावर लोखंड ठोकलं, मग मोंगोल्फिएंनी कागद केला, आता त्यावर शोभेचं चाक फिरतं आणि तळ्यात ट्राऊट मासे पोहतात. हात घालून बघितला. गार होतं आणि स्वच्छ. उत्तम कागदाला असंच पाणी लागतं, लोह कमी असेल तर. लोह असलं की कागद पिवळा पडतो, आणि वर टेकडीत लोखंडाची खाण. त्यांनी ते कसं सांभाळलं असेल, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तुमच्या वाचकांत कोणी कागदवाला असेल तर जरूर लिहावं.

तेव्हा विनंती इतकीच, की लेख पुन्हा कुठे छापणार असाल, पुस्तकात घेणार असाल, तर 'विद्रूप' शब्द काढावा आणि त्याच्या जागी कागद कारखाना असं लिहावं. चार शब्द वाढले तर चर्चच्या वर्णनातले कमी करावेत. शांतता हा शब्द लेखात सात वेळा आला आहे. मी मोजलं.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त मशीनमन, कर्जत
(नाव-पत्ता पाकिटात दिला आहे, छापू नये.)

ता. क. रविवारच्या पुरवणीचा कागद हल्ली फार पातळ येतो आहे. मठाच्या आतल्या फोटोत उजवीकडच्या कमानीखाली एक माणूस उभा दिसतो म्हणून सौ.नं चष्मा लावून पाहिलं, तर तो मागच्या पानावरच्या गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीतला निघाला. छपाईचा दोष नाही, कागदाचा आहे. त्यात भर, म्हणजे लगद्यात मिसळायची पांढरी भुकटी, कमी पडते आहे. कागद पुरवणाऱ्याला विचारा.